दूरदेशी जन्मलेले दुसरे नातवंड

(अभ्यासपाठ : उत्पत्ती, अध्याय 48)



या वेळचा पाठ उत्पत्तीच्या पुस्तकातील 48 व्या अध्यायावर आहे. घरातील बायबल उघडून शेजारी ठेवावे. पण अध्यायाकडे वळण्याआधी आम्हाला एक चूक कबूल करायची आहे. ज्यांच्या बाबतीत ती घडली, त्यांची परवानगी घेऊनच हे लिहीत आहोत.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सकाळच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक आजी आभाराची मिस्सा लावण्यासाठी धर्मगुरुनिवासात आल्या. त्यांच्या मुलीला कॅनडात दुसरा मुलगा झाला होता. हातात स्टीलचा डबा होता. आम्ही वहीत हेतू लिहून घेतला, तोंडभर अभिनंदन केले, "पुन्हा आजी झालात मावशी, आता आनंद दुप्पट!" असे काहीतरी म्हणालो आणि डब्यातला एक लाडू तिथेच उभ्याउभ्या खाल्ला. छान झाला होता. तसे सांगितलेही. मावशी मात्र खुर्चीवरून उठल्या नाहीत.

"डिंकाचे आहेत, फादर," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी केले. हाताला सवय, म्हणून केले. करून झाल्यावर ध्यानात आलं, पाठवू कुणाबरोबर? यांना तर खारीक-खोबरं वर्ज्य."

त्यांचे यजमान आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जातात. त्यांना सोडून मावशींना कुठे जाता येत नाही आणि त्यांना घेऊन जाणे तर त्याहून अवघड. बाळंतिणीसाठी केलेला लाडू आम्ही पेढा समजून खाल्ला होता.

मग त्या म्हणाल्या, "मोठ्याच्या वेळी मी तिथं सहा महिने होते. त्याची नाळ पडली ती माझ्यासमोर. रोज माझ्या पायांवर घेऊन त्याला न्हाऊ घातलं. ह्याला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. लोक म्हणतात, पुन्हा आजी झालीस. मी ह्याची कुठली आजी?"

त्यावर आम्ही काय बोललो? "अहो, हल्ली व्हिडिओ कॉल आहे ना! पूर्वी लोक महिना महिना पत्राची वाट बघायचे." बोललो ते खोटे नव्हते. पण भुकेल्या माणसाला बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट सांगावी, तसे ते झाले. मावशी "हो फादर" म्हणून निघून गेल्या.

त्या रात्री आम्ही आमच्या आईला फोन केला. 2019 साली आमच्या बहिणीची धाकटी मुलगी ऑकलंडला जन्मली, तेव्हा आई इथेच होती. त्या दिवशी तिला कसे वाटले, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. आई थोडा वेळ गप्प राहिली. "आज विचारलंस तू," ती म्हणाली. "त्या दिवशी मी सगळ्या वाडीला पेढे वाटले आणि रात्री जेवले नाही."

"पुन्हा" या शब्दाआड काय दडते?

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत. पूर्वी आपल्या भागातले पुरुष आखातात किंवा बोटीवर जात. बायकामुले इथेच राहत आणि नातवंडे आजोबांच्या ओट्यावर वाढत. आता नवराबायको दोघेही जातात आणि मूल तिथेच जन्मते. तरी पहिल्या खेपेस काहीतरी जमवले जाते. मुलगी इकडे येते, नाहीतर आई तिकडे जाते. दुसऱ्या खेपेस गाडे अडते. थोरल्याची शाळा बुडवता येत नाही, जावयाची रजा संपलेली असते, आपले गुडघे पाच-सात वर्षांनी म्हातारे झालेले असतात आणि साठवलेले पैसे पहिल्या प्रवासात खर्च झालेले असतात.

कायद्याची दारे बंद आहेत असे नाही. कॅनडाने 2011 च्या डिसेंबरात आई-वडील व आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा सुरू केला आणि जुलै 2022 पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. पण त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा लागतो. आधीपासून मोठे आजारपण असलेल्या माणसाला तसा विमा मिळवताना किती पायऱ्या चढाव्या लागतात, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. दार उघडे आहे, पण उंबरठा उंच आहे.

आणि गावाचे लक्षही पहिल्या नातवंडाकडेच असते. दुसऱ्याच्या वेळी "अरे वा, झालं का?" एवढ्यावर आटोपते. मग आजीलाच वाटू लागते की आपण रडतो म्हणजे कृतघ्न आहोत, देवाने धडधाकट बाळ दिले, आणखी काय हवे? असे कितीजण मनातल्या मनात स्वतःला दटावत असतील! आम्ही येथे स्पष्ट सांगतो : हे दुःख पाप नाही आणि कृतघ्नपणाही नाही.

मिसरात जन्मलेले नातू

आता अध्यायाकडे वळू. योसेफाला भावांनी विकले आणि म्हातारा याकोब कनान देशात समजून बसला की मुलाला हिंस्र पशूने खाल्ले. इकडे मिसर देशात योसेफ फारोचा कारभारी झाला. ओन नगराच्या याजकाची मुलगी आसनथ हिच्याशी त्याचे लग्न झाले आणि सुकाळाच्या वर्षांत त्याला दोन मुलगे झाले. आजोबांना ना लग्नाची खबर, ना नातवांची.

थोरल्याचे नाव योसेफाने मनश्शे ठेवले. त्याचा अर्थ त्यानेच सांगितला आहे (उत्पत्ती 41:51). आपले कष्ट आणि आपल्या वडिलांचे घर या दोहोंचा देवाने आपल्याला विसर पाडला, अशा अर्थाचे ते नाव. हे वाक्य सावकाश वाचावे. ज्या आजोबांच्या घराचा विसर पडला, त्यांच्याच नातवाचे ते नाव! परदेशात ठेवलेले, जिभेला न वळणारे नाव फोनवर पहिल्यांदा ऐकून ज्या आजी-आजोबांच्या पोटात कालवले, त्यांनी याकोबाची आठवण ठेवावी. (नावावरून कोणकोणत्या घरांत धुसफूस झाली, ते आमच्या कानावर आहे. त्याबद्दल येथे लिहीत नाही.) धाकट्याचे नाव एफ्राईम. ज्या देशात दुःख भोगले, तिथेच देवाने फळ दिले, असा त्याचा अर्थ.

पुढे दुष्काळ पडला, बाप-लेकाची भेट झाली आणि याकोब 17 वर्षे मिसरात राहिला. 48 व्या अध्यायात तो अंथरुणाला खिळला आहे, दृष्टी मंद झाली आहे आणि योसेफ दोन्ही मुलांना घेऊन त्याच्याकडे येतो. मुलांच्या बायबलमधील चित्रांत हे नातू चिमुकले दाखवतात. पण हिशेब केला तर ते विशीच्या आसपासचे तरुण होते, राजदरबारात वाढलेले. योसेफही धान्य नेण्यास आलेल्या आपल्या भावांशी दुभाष्यामार्फतच बोलला होता. तेव्हा या मुलांचा आजोबांशी संवाद किती आणि कसा होत असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

आता वचनांचा क्रम पाहा, कारण सारा पाठ या क्रमात आहे. पाचव्या वचनात याकोब योसेफाला म्हणतो की मी मिसरात येण्यापूर्वी तुला झालेले हे दोघे माझे आहेत, रऊबेन आणि शिमोन जसे माझे, तसेच हे माझे. त्यानंतर आठव्या वचनात त्याला समोर कोणीतरी दिसते आणि तो विचारतो, हे कोण?

म्हणजे "माझे" हा शब्द आधी आला आणि ओळख नंतर पटली. आपण उलट समजतो. आधी मांडीवर घ्यायचे, न्हाऊ घालायचे, रडणे ओळखायचे आणि मग म्हणायचे, हे माझे. याकोबाने तसे केले नाही. "मी येण्यापूर्वी" असे म्हणून त्याने आपली गैरहजेरी स्वतःच्या तोंडाने मोजली, ती लपवली नाही. ती जन्मली तेव्हा मी तिथे नव्हतो, आणि तरी ती माझी. मावशींच्या प्रश्नाचे उत्तर त्या सकाळी आम्हाला सुचले नाही. ते इथे, पाचव्या वचनात होते.

दुसरी गोष्ट चौदाव्या वचनात. योसेफाने रीतीप्रमाणे थोरल्याला आजोबांच्या उजव्या हाताशी आणि धाकट्याला डाव्या हाताशी उभे केले. म्हाताऱ्याने हात ओलांडले. उजवा हात धाकट्याच्या डोक्यावर आला. योसेफाला ते रुचले नाही. बाबांना दिसत नाही म्हणून चुकले, असे समजून तो त्यांचा हात उचलू लागला. याकोब म्हणाला की मला ठाऊक आहे, बाळा, मला ठाऊक आहे. या हात ओलांडण्याचे धर्मपंडितांनी पुष्कळ अर्थ लावले आहेत आणि त्यांत आम्ही येथे शिरत नाही. आपल्यासाठी एवढेच पाहू : दुसरे नातवंड म्हणजे पहिल्याची पुनरावृत्ती, असे आजोबांनी मानले नाही. त्याच्यासाठी वेगळा हात उचलला आणि तोही उजवा.

इब्री लोकांस पत्रात (11:21) विश्वासाने जगलेल्या पूर्वजांची यादी आहे. याकोबाचे आयुष्य केवढे घडामोडींचे! त्याने शिडीचे स्वप्न पाहिले, देवदूताशी झुंज दिली, चौदा वर्षे सासऱ्याची चाकरी केली. यांतले काहीही तिथे सांगितलेले नाही. मरताना काठीवर टेकून त्याने नातवांना आशीर्वाद दिला, एवढे एकच कृत्य पत्रलेखकाने निवडले. यहुदी घरांत आजही शब्बाथाच्या संध्याकाळी मुलग्यांना आशीर्वाद देताना एफ्राईम आणि मनश्शे यांची नावे घेतात. परदेशात, परदेशी आईच्या पोटी जन्मलेल्या दोन मुलांची नावे!

स्पर्श हवाच

पण हा पाठ घाईने वाचू नये. याकोबाने पुढे नातवांना जवळ घेतले, त्यांचे मुके घेतले. आपली श्रद्धा स्पर्शाला कमी लेखत नाही. आपले संस्कार पाण्याने, तेलाने, भाकरीने होतात. प्रभू येशूने बालकांना दुरून हात केला नाही, त्यांना कवेत घेतले आणि त्यांच्यावर हात ठेवले (मार्क 10:16). म्हणून "अंतर काय, मन जवळ असलं की झालं" असे कोणी म्हटले, तर ते अर्धेच खरे आहे. जे मिळाले नाही, ते मिळाले नाही.

तोबीतच्या पुस्तकात रगुएल आणि एदना यांची एकुलती एक मुलगी सारा लग्नानंतर निनवेला निघते. आजच्या इराणातील हमदानहून इराकमधील मोसूलपर्यंतचा हा प्रवास. निरोप देताना आई-वडील एकच मागतात : मरण्यापूर्वी तुमची मुले पाहायला मिळोत (अध्याय 10). तिकडे निनवेत तोबियाची आई हन्ना रोज रस्त्यावर डोळे लावून बसलेली असते. पवित्र शास्त्राने या म्हाताऱ्यांना "अशी आशा धरू नका" असे सुनावले नाही. त्यांची तळमळ जशीच्या तशी लिहून ठेवली. पुढे पुष्कळ वर्षांनी तोबिया बायकामुलांसह सासऱ्यांकडे परतला आणि त्याने त्या दोघांचे म्हातारपण सांभाळले. एदनाची वाट पाहणे लांबले, पण वाया गेले नाही.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकत होतो, तेव्हा अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रातील स्नेहावरचा भाग परीक्षेपुरता वाचला होता. तो आता उपयोगी पडला. तो म्हणतो की दोन माणसे दूर गेली म्हणून स्नेह तुटत नाही, थांबतो तो स्नेहाचा व्यवहार. झोपलेला सुतार सुतारच असतो, फक्त त्या वेळी रंधा चालत नाही. मात्र तोच पुढे इशारा देतो की दुरावा फार लांबला तर स्नेहाचाही विसर पडतो. म्हणजे नाते आहे, यात शंका नाही. प्रश्न रंधा चालवण्याचा आहे.

रंधा कसा चालवावा?

फोनपासून सुरुवात करू. उन्हाळ्यात टोरोंटो आपल्या साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा तास. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच म्हणजे तिकडे उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे आठ, बाळाच्या झोपेची वेळ. त्या मावशी आता त्याच वेळी उठतात. पाच-सात मिनिटे फोन आणि मग मिस्साला. फोनवर त्या आपल्या कादोडीत बाळाशी बोलतात. मुलीला विचारत नाहीत की दूध किती घेतो, वजन किती, टोपडे का घातले नाही. पूर्वी विचारत असत आणि मुलगी फोन लवकर ठेवत असे. लहान मुलांना पडदा दाखवू नये, हे खरे. पण अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 च्या सूचनांत दीड वर्षाखालील मुलांसाठीही आप्तांशी व्हिडिओवर बोलणे या बंदीतून वगळले आहे. तेव्हा सुनेने काळजी केली तर तिला हे सांगता येईल. आवाज न चढवता.

थोरला नातू फोन बळकावतो, हा सर्वांचा अनुभव. त्याला आपण ओळखतो, म्हणून गप्पा त्याच्याशीच रंगतात आणि धाकटा कोपऱ्यात एक डोके म्हणून दिसत राहतो. येथे याकोबाचा उजवा हात आठवावा. धाकट्याचा वेळ वेगळा ठेवावा, त्याचे नाव घेऊन बोलावे, मग ते नाव कसेही असो.

आता स्नानसंस्काराविषयी. आम्हाला याबद्दल सर्वांत जास्त विचारले जाते. धर्मसभेचा कायदा सांगतो की पहिल्या काही आठवड्यांतच बालकाचा स्नानसंस्कार करावा आणि तो साधारणपणे आई-वडिलांच्या धर्मग्रामात व्हावा. "पुढच्या नाताळात इकडे आल्यावर थाटात करू" म्हणून आजी-आजोबांनी तो वर्षभर अडवून ठेवू नये. मंडप चुकेल, पण कृपेला उशीर नको. आजी किंवा आजोबा धर्ममाता-धर्मपिता होऊ शकतात का? होऊ शकतात. 16 वर्षे पूर्ण, दृढीकरण झालेले, श्रद्धेने जगणारे कॅथलिक आणि बालकाचे आई-वडील नसलेले, या अटी आहेत. दुरून ते कसे साधेल, हे तिकडच्या धर्मगुरूंना विचारावे.

आणि उलट बाजूही लिहिली पाहिजे. आई-वडील स्नानसंस्काराला तयार नसतील, तर तिकडे गेल्यावर नळाखाली गुपचूप पाणी घालू नये. आम्हाला हा प्रश्न खरोखर विचारला गेला आहे. बालकाच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा कोणीही स्नानसंस्कार देऊ शकतो. एरवी आई किंवा वडील यांपैकी एकाची तरी संमती लागते. मुलाशी भांडून नातवाला स्वर्गात नेता येत नाही. संत पौलाने तीमथ्याला लिहिताना त्याची आजी लोईस हिच्या विश्वासाची आठवण काढली आहे. तीमथ्याचे वडील ग्रीक होते. त्या घरात लोईसने काय काय सोसले असेल! तिने जे केले, ते उघडपणे आणि धीराने केले असणार, नाहीतर नातवाच्या मनात ते टिकले नसते.

फोनवरून संस्कार देता येत नाही. पण आशीर्वाद? पोप महोदयांचा 'उर्बी एत ओर्बी' आशीर्वाद रेडिओ किंवा दूरचित्रवाणीवरून भक्तीने स्वीकारणाऱ्यांनाही मिळतो, ही धर्मसभेची शिकवण आहे. 27 मार्च 2020 रोजी, महामारीच्या काळात, पोप फ्रान्सिस यांनी रिकाम्या चौकात उभे राहून जगाला आशीर्वाद दिला, तेव्हा आपणही घराघरांत गुडघे टेकले होते. तेव्हा आजोबांनी फोनसमोर हात उचलून नातवाला आशीर्वाद देण्यात संकोच कशाला? डोळ्यांत पाणी येईल. येऊ द्यावे. पाहणाऱ्या बाळाला त्याने काही होत नाही.

परदेशी असलेल्या मुलामुलींपर्यंतही हे पत्रक फोनवरून पोचते, असे ऐकतो. त्यांना एकच विनंती. बाळाचे सुंदर फोटो पाठवता, ते पाठवाच. पण कधी दहा मिनिटे फोन पाळण्याशेजारी नुसता ठेवून द्या. बाळ झोपलेले असले तरी चालेल. आईला तेवढ्यात त्याचा श्वास ऐकू येतो.

सूचना

26 जुलै हा प्रभू येशूचे आजी-आजोबा संत योआकिम व संत अ‍ॅना यांचा सण. त्याला धरून जुलैचा चौथा रविवार 2021 पासून धर्मसभेत आजी-आजोबा व ज्येष्ठांचा दिवस म्हणून पाळला जातो. पोप फ्रान्सिस यांनी तो सुरू केला. त्या रविवारी दुसऱ्या मिस्सात ज्येष्ठांना आशीर्वाद दिला जाईल. ज्यांची नातवंडे परदेशी आहेत, त्यांनी एका कागदावर प्रत्येक नातवंडाचे पूर्ण नाव आणि ते राहते त्या शहराचे नाव लिहून आणावे. ज्यांना अजून पाहिलेले नाही, त्यांचे नाव सर्वांत वर लिहावे. हे कागद अर्पणाच्या वेळी वेदीवर ठेवले जातील आणि नावे मोठ्याने वाचली जातील. उच्चार चुकले तर आजी-आजोबांनी जागेवरूनच दुरुस्त करावेत. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी शनिवारी संध्याकाळी रोझरीनंतर सिस्टर आणि दोन युवक ओसरीवर बसतील. फोनमध्ये व्हिडिओ कॉल लावून देण्यासही ते मदत करतील.

मावशींनी या वर्षीही डबा आणणार असल्याचे कळवले आहे. या खेपेस लाडू नव्या बाळंतिणींसाठी आहेत. आपल्या वाड्यांत ज्यांच्याकडे बाळंतपण झाले आहे आणि ज्यांची आई जवळ नाही, अशा घरांची नावे समूहप्रमुखांनी त्या शनिवारपर्यंत आमच्याकडे द्यावीत.

आपले धर्मगुरू